मूल दुसरी भाषा कसे शिकते?

सहा वर्षांचे मूल शाळेच्या पायरीवर पाऊल ठेवते, तेव्हा ते रिकाम्या हाताने येत नाही. एक संपूर्ण भाषा त्याने तोपर्यंत हस्तगत केलेली असते. त्या भाषेत ते मागणी करते, भांडते, रुसते, गोष्ट सांगते आणि क्वचित थापही मारते. ही भाषा त्याला कोणी धडे देऊन शिकविलेली नसते. मात्र शाळेत जी भाषा त्याच्यापुढे येते, ती पुष्कळदा घरची भाषा नसते. म्हणून आपण त्या मुलाला लिहावयास व वाचावयास शिकवीत आहोत असे ज्या वेळी आपल्याला वाटते, त्या वेळी वस्तुतः आपण त्याला एक दुसरी भाषाही शिकवीत असतो. हे ध्यानात न आल्यास मुलाच्या भाषेतील अपुरेपणाला आपण त्याच्या बुद्धीचा अपुरेपणा समजून बसतो. हा गैरसमज मुलाला फार महाग पडतो. यास्तव दुसरी भाषा मुलाच्या अंगी कशी उतरते, याचा विचार प्रत्येक शिक्षकाने करणे अगत्याचे आहे.

१. आपल्या वर्गातील भाषा

रत्नागिरी जिल्ह्यातील कोणत्याही तालुक्यात गेले, तरी वर्गात एकच भाषा सापडेल असे नाही. संगमेश्वर, लांजा, चिपळूण या भागांतील वाडीवरचे मूल 'पाणी' न म्हणता 'पानी' म्हणते, 'थोडे थांबा' या अर्थी 'वाईच थांबा' म्हणते आणि पाठ्यपुस्तकातील 'ओढा' त्याच्या घरी 'पऱ्या' असतो. किनाऱ्यावरील कोकणी मुसलमान कुटुंबातील मूल घरी मराठीच्याच कुळातील कोकणी बोली बोलते, उर्दू शाळेत उर्दू वाचावयास शिकते आणि त्याखेरीज प्रमाण मराठी व इंग्रजी यांनाही सामोरे जाते. आंब्याच्या बागांच्या राखणीसाठी आलेल्या नेपाळी कुटुंबांची मुले, तसेच चिरेखाणींवर व बांधकामांवर आलेल्या कर्नाटकातील मजुरांची मुले हीही आता आपल्या शाळांत दिसतात. बालकांच्या मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा २००९ चा कायदा १ एप्रिल २०१० पासून अंमलात आला. त्या कायद्याप्रमाणे अशा मुलाला वयानुरूप वर्गात प्रवेश द्यावयाचा असतो. त्यामुळे मराठीचा एक शब्दही न येणारे नऊ वर्षांचे मूल एके दिवशी अकस्मात तिसरीच्या किंवा चौथीच्या वर्गात येऊन बसते.

शिक्षक तरी या प्रश्नापासून अलिप्त कोठे असतात? दुसऱ्या जिल्ह्यातून बदलून आलेल्या गुरुजींना व बाईंना वाडीवरच्या मुलाचे बोलणे पहिले काही दिवस अर्धेमुर्धेच कळते. मुलांत मिसळून, ऐकून, विचारून त्यांनाही ती बोली हळूहळू उमगू लागते. दुसरी भाषा कशी येते याचा अनुभव असा त्यांच्या पदरी पडतोच. तो अनुभव त्यांनी मुलाच्या बाबतीत उपयोगात आणावा, एवढेच सांगणे आहे.

२. थिबा राजाच्या घराण्याचे उदाहरण

भाषा कशामुळे येते आणि कशामुळे जाते, याचे एक बोलके उदाहरण खुद्द रत्नागिरी शहरातच घडून गेले आहे. ब्रह्मदेशाचा राजा थिबा याला इंग्रजांनी १८८५ साली पदच्युत केले आणि १८८६ च्या एप्रिलमध्ये रत्नागिरीस आणून ठेवले. डिसेंबर १९१६ मध्ये येथेच त्याचा अंत झाला. तीस वर्षे या गावात काढूनही राजाचे जग वाड्यापुरतेच राहिले. सरकारी अधिकाऱ्यांशी त्याचे बोलणे दुभाष्यामार्फत होत असे. त्याच्या चार मुलींची गोष्ट निराळी. त्यांना नियमित शाळा अशी लाभली नाही. परंतु भोवती येथील नोकरचाकर होते, त्यांचे रोजचे बोलणे कानांवर पडत होते आणि त्यांच्याशी बोलण्याची गरजही होती. राजकन्या हिंदुस्थानी आणि मराठी बोलू लागल्या.

पुढची पिढी आणखी बोधप्रद आहे. थोरल्या राजकन्येची मुलगी टूटू हिचे वडील वाड्यावर नोकरीस असलेले रत्नागिरीचे गृहस्थ होते. १९१९ साली राजाचे कुटुंब ब्रह्मदेशी परतले. तथापि थोरली राजकन्या पुन्हा रत्नागिरीस आली आणि १९४७ मध्ये तेथेच वारली. टूटूने आपले आयुष्य याच गावात घालविले आणि २००० साली तिचे निधन झाले. मंडालेच्या राजाच्या या नातीची भाषा मराठी होती. ब्रह्मी भाषा तिच्या तोंडी उरली नव्हती.

यातून दोन गोष्टी स्पष्ट होतात. पहिली अशी की, नुसते एखाद्या प्रदेशात राहिल्याने तेथील भाषा येत नाही. त्या भाषेत ज्याच्याशी बोलावयाचे असे माणूस आणि बोलण्याचे काही कारण, ही दोन्ही हवीत. दुसरी अशी की, एक भाषा आली म्हणून दुसरी आपोआप जात नाही. तिला सोबती उरला नाही म्हणजे ती जाते. वर्गाच्या कोपऱ्यात एकटे बसविलेले परभाषी मूल शाळेत असूनही भाषेपासून दूरच असते, हे पहिल्या गोष्टीवरून ओळखावे.

३. ऐकणे आधी, बोलणे मागाहून

तान्हे मूल पहिला शब्द उच्चारण्यापूर्वी सुमारे वर्षभर केवळ ऐकत असते. त्याबद्दल आई त्याला दोष देत नाही. दुसऱ्या भाषेच्या बाबतीतही पुष्कळ मुले प्रथम काही आठवडे, कधी काही महिने, गप्प राहतात. हे मौन म्हणजे आळस नव्हे आणि मंदपणाही नव्हे. या काळात मूल ध्वनी वेगळे करीत असते, कोणता शब्द कोणत्या प्रसंगी येतो याची मनात जुळणी करीत असते. 'दार लाव' म्हटल्यावर ते उठून दार लावते की नाही, हे पाहावे. लावत असेल तर भाषा आत शिरू लागली आहे असे खुशाल समजावे, मग तोंडातून शब्द येवो वा न येवो.

मात्र ऐकणे म्हणजे कानांवर आवाज आदळणे नव्हे. जे बोलणे समजत नाही, ते कितीही वेळ ऐकले तरी त्यातून भाषा येत नाही. नदीच्या खळखळाटातून कोणी भाषा शिकत नाही, तसेच हे आहे. प्रसंग, वस्तू, चित्र, हावभाव यांच्या आधाराने अर्थ कळला पाहिजे आणि बोलणे मुलाच्या आजच्या पायरीहून एखादीच पायरी वर असले पाहिजे. आई लहान मुलाशी लहान वाक्यांत, पुनःपुन्हा, समोरच्या वस्तूविषयी बोलते. तीच रीत वर्गात चालते.

४. चूक म्हणजे काय?

परभाषी मुलाच्या चुका पुष्कळदा शिक्षकांना त्रासदायक वाटतात. नीट पाहिले तर त्यांत सुसंगती आढळते. कर्नाटकातून आलेले मूल 'ते भिंत' आणि 'ते दगड' असे म्हणते. कन्नड भाषेत निर्जीव वस्तू सरसकट नपुंसकलिंगी असतात. मराठीत मात्र भिंत 'ती', दगड 'तो' आणि दार 'ते'. असे का, याचे पटेल असे कारण कोणताही व्याकरणकार मुलाला देऊ शकणार नाही. अर्थात मुलाने निष्काळजीपणा केलेला नसून आपल्या घरच्या भाषेचा नियम इमानाने चालविलेला असतो. उर्दू शाळेतील मूल 'माझी पुस्तक' म्हणते, कारण उर्दूतील 'किताब' स्त्रीलिंगी आहे. आपली मराठी मुले इंग्रजीत 'व्हेअर यू आर गोइंग?' असे विचारतात, कारण 'तू कुठे जात आहेस?' या वाक्यात प्रश्न विचारताना कर्ता व क्रियापद यांची अदलाबदल होत नाही.

काही चुकांचा घरच्या भाषेशी संबंधही नसतो. इंग्रजीत 'ही गोज' म्हणावयाच्या जागी 'ही गो' म्हणणे ही चूक नाना भाषांच्या विद्यार्थ्यांकडून होते. इंग्रजी ज्यांची मातृभाषा आहे अशी लहान मुलेही काही काळ तसेच बोलतात. नियम पहिल्या महिन्यात फळ्यावर लिहून दिला, तरी तो जिभेवर बसावयास पुष्कळ काळ जावा लागतो.

पिट कॉर्डर या भाषाशास्त्रज्ञाने १९६७ साली विद्यार्थ्यांच्या चुकांवर एक निबंध लिहिला. विद्यार्थी कोठवर पोचला आहे हे त्याच्या चुकांवरून शिक्षकाला कळते, हा त्याचा आशय होता. पुढे १९७२ साली लॅरी सेलिंकर यांनी असे मांडले की, शिकणाऱ्याच्या मनात घरची भाषा आणि नवी भाषा यांच्या दरम्यान एक मधली भाषा तयार होत असते आणि तिला तिचे स्वतःचे नियम असतात. कैरी आंबट लागते म्हणून कोणी ती नासकी समजत नाही. ती पिकण्याच्या वाटेवर असते. मुलाची मधली भाषाही तशीच समजावी.

मग चूक सुधारावीच नाही काय? सुधारावी, पण बोलणे अडवून नव्हे. मूल 'ते भिंत पांढरा' म्हणाले, तर शिक्षकाने 'होय, ती भिंत पांढरी आहे. आणि दार?' असे सहज म्हणावे. शुद्ध रूप कानांवर पडते, संभाषणही चालू राहते. चारचौघांत हसे झालेले मूल मात्र पुढे बोलण्याचेच टाळते, आणि न बोलणाऱ्याला भाषा येत नाही.

ज्या गोष्टी दोन भाषांत सारख्या आहेत, त्या शिकवाव्या लागत नाहीत. नुसत्या दाखवून द्याव्या लागतात. नेपाळीतही हात तो हात, नाक ते नाक, कान तो कान, घर ते घर आणि भात तो भात. शिवाय नेपाळी भाषा देवनागरीतच लिहिली जाते. त्यामुळे गावी शाळेत गेलेल्या मुलाला आपली अक्षरे ओळखीची असतात. कन्नड मुलाला 'अक्का' आणि 'अण्णा' नवे नाहीत, आणि क्रियापद वाक्याच्या शेवटी ठेवण्याची सवय त्याला घरूनच असते. उर्दू शाळेतील कोकणी मूल तर घरच्या बोलीमुळे मराठीच्या इतके निकट असते की, उर्दू पुस्तकावरून त्याच्या मराठीचा अंदाज करणे चुकीचे ठरते. त्याने घरी आजीशी बोलावे तसे बोलून दाखवावे, म्हणजे शिक्षकाला पाया सापडेल.

५. वयाचा प्रश्न

'लहानपणी भाषा चटकन येते' असे आपण नेहमी ऐकतो. हे म्हणणे अर्धेच खरे आहे. १९७८ साली कॅथरीन स्नो आणि त्यांच्या सहकारी यांनी हॉलंडमध्ये नव्याने राहावयास आलेल्या इंग्रजी भाषिकांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांत तीन वर्षांच्या मुलांपासून प्रौढांपर्यंत सर्व होते. पहिल्या काही महिन्यांत डच भाषेत सर्वांत वेगाने प्रगती केली ती बारा ते पंधरा वर्षांच्या मुलांनी; तीन ते पाच वर्षांची मुले मागे होती. मोठ्या मुलाला एक भाषा लिहिता-वाचता येत असते, जगाची माहिती असते, नियम समजतो. त्याचा त्याला फायदा मिळतो. लहान मुलाची बाजू पुढे वरचढ होते, विशेषतः उच्चारांत. पण ती केव्हा? दिवसाचे अनेक तास, अनेक वर्षे, ती भाषा त्याच्या भोवती खेळत असेल तेव्हा.

महाराष्ट्रात २००० सालापासून इयत्ता पहिलीतच इंग्रजी सुरू झाले. त्यापूर्वी अनेक वर्षे ते पाचवीपासून होते. लवकर आरंभ केला एवढ्यानेच भाषा येईल, अशी पालकांची समजूत असते. दिवसाला एक तासिका आणि तीही अक्षरे गिरविण्यात गेली, तर लवकर आरंभ केल्याचा लाभ मिळत नाही. पहिली-दुसरीतील ती तासिका ऐकणे, गाणी, खेळ आणि लहान आज्ञा यांनी भरलेली असावी. व्याकरणाचा उघड विचार वरच्या इयत्तांसाठी राखून ठेवावा.

नियमांच्या मार्गाने भाषा येतच नाही, असा याचा अर्थ मात्र नाही. मालवण येथे १८३७ साली जन्मलेले, रत्नागिरीच्या शाळेत शिकलेले आणि पुढे तेथील हायस्कुलाचे मुख्याध्यापक झालेले डॉ. रामकृष्ण गोपाळ भांडारकर यांनी संस्कृतची दोन क्रमिक पुस्तके रचली. थोडे व्याकरण, थोडे शब्द आणि भाषांतरासाठी वाक्ये, अशी त्यांची मांडणी होती. त्या पुस्तकांवर विद्यार्थ्यांच्या कित्येक पिढ्या संस्कृत शिकल्या. ते विद्यार्थी हायस्कुलातले होते, साक्षर होते आणि त्यांना मुख्यतः ग्रंथ वाचावयाचे होते. विद्यार्थी कोण आणि हेतू कोणता, हे पाहून मार्ग ठरवावा. सहा वर्षांच्या मुलाला त्याच मार्गाने नेणे इष्ट नव्हे.

६. बोलण्याची भाषा आणि अभ्यासाची भाषा

आता सर्वांत महत्त्वाचा मुद्दा. परभाषी मूल काही महिन्यांत मैदानावर इतर मुलांबरोबर मराठीत आरडाओरड करू लागते. 'याला आता मराठी येते' असे आपण म्हणतो. नंतर गणिताच्या किंवा परिसर अभ्यासाच्या तासाला ते अडखळले की, 'भाषा येते, तरी अभ्यास येत नाही. अर्थात डोके कमी' असा निष्कर्ष निघतो. येथेच घात होतो. कॅनडात स्थलांतरित मुलांचा अभ्यास करणारे जिम कमिन्स यांनी १९८१ साली असे दाखविले की, रोजच्या बोलण्याची भाषा सुमारे दोन वर्षांत येते. परंतु पाठ्यपुस्तकातील भाषेत बरोबरीच्या मुलांना गाठावयास पाच ते सात वर्षे लागतात. खेळताना अर्थ समोर दिसत असतो. पुस्तकात तो केवळ शब्दांतून काढावा लागतो.

एक उदाहरण घेऊ. 'एका पेटीत ४ डझन आंबे मावतात, तर ५ पेट्यांत किती आंबे मावतील?' बागेत राहणाऱ्या नेपाळी मुलाने पेट्या भरताना पाहिलेल्या असतात आणि गुणाकारही त्याला येत असतो. अडतो तो 'मावतात' या एका शब्दावर. उत्तरपत्रिकेत मात्र शून्य पडतो तो गणितात. म्हणून अशा मुलाची परीक्षा दोनदा घ्यावी: एकदा शाब्दिक उदाहरण देऊन आणि एकदा नुसते अंक मांडून. पहिल्यात चुकले व दुसऱ्यात जमले, तर उणीव शब्दाची आहे, गणिताची नाही. तो शब्द शिकवावा म्हणजे झाले.

वाडीवरच्या मराठी मुलालाही हाच न्याय लागू आहे. त्याला 'ओढा' अडतो, 'पऱ्या' अडत नाही. 'पऱ्या' हा शब्द चुकीचा ठरवून पुसून टाकला, तर नव्या शब्दाला बिलगावयास जागाच उरत नाही. 'तुझ्या वाडीचा पऱ्या, त्यालाच पुस्तकात ओढा म्हणतात' असे सांगितले की, एकाच वस्तूचे दोन शब्द मुलाच्या पदरी पडतात. घरच्या भाषेत जे ज्ञान आलेले असते, ते दुसऱ्या भाषेत पुन्हा पहिल्यापासून मिळवावे लागत नाही. त्याला केवळ नवी नावे द्यावी लागतात.

७. वर्गात काय करावे?

पुढील गोष्टींना खर्च नाही. लक्ष मात्र हवे.

(अ) नव्या परभाषी मुलाला पहिल्याच दिवशी एक बोलका व मायाळू जोडीदार द्यावा. बसणे, पाणी पिणे, खेळणे, जेवणाच्या रांगेत उभे राहणे, सर्व त्याच्याबरोबर.

(आ) पहिले काही आठवडे आज्ञा व कृती यांवर भर द्यावा: 'ऊठ', 'खडू आण', 'खिडकी उघड', 'दोन दगड मोजून ठेव'. मुलाने कृतीने उत्तर द्यावे. तोंडी उत्तराची सक्ती करू नये.

(इ) रोज आठ-दहा शब्दच घ्यावे. ते त्याच दिवशी, मग दोन दिवसांनी, मग आठवड्याने पुन्हा योजावे. एका दिवसात वीस वेळा घोकलेल्या शब्दापेक्षा असा अंतराने भेटणारा शब्द अधिक काळ टिकतो.

(ई) एकच गोष्ट चित्रांच्या आधाराने आठवडाभर सांगावी. पहिल्या दिवशी मूल चित्र पाहील, तिसऱ्या दिवशी बोट दाखवील, शेवटी एखादा शब्द आपण होऊन भरील.

(उ) शब्द ऐकून समजल्यावाचून तो वाचावयास देऊ नये. अर्थ न कळता अक्षरे उच्चारणे म्हणजे वाचन नव्हे.

(ऊ) भिंतीवर एक तक्ता लावावा: वस्तूचे चित्र, प्रमाण मराठी शब्द, वाडीचा शब्द आणि नव्या मुलाच्या भाषेतील शब्द. 'पाणी, पानी, नीरु' हे शब्द एकाखाली एक आले की, कन्नड मुलाला आपल्या भाषेला येथे जागा आहे हे दिसते आणि इतर मुलेही एक शब्द शिकतात.

(ए) पालकांना 'घरी मराठीतच बोला' असे सांगू नये. ज्या भाषेत आईबाप सहज व भरपूर बोलू शकतात, तीच घरी बोलली जावी. मोडक्या मराठीतील दोन शब्दांपेक्षा आईच्या भाषेतील पुरी गोष्ट मुलाच्या बुद्धीला अधिक बळ देते. शाळेत मराठीला सोबती मिळतील. घरच्या भाषेला घराखेरीज दुसरा आसरा नाही.

(ऐ) बागेचा हंगाम संपला किंवा पावसाळ्यासाठी चिरेखाण बंद झाली की, ही कुटुंबे निघून जातात. मूल जाण्यापूर्वी एक लहानशी नोंद त्याच्या हाती द्यावी. मराठी ऐकून किती समजते, किती बोलता येते, काय वाचता येते आणि गणितात कोठवर मजल आहे, हे तीत निरनिराळे लिहावे. ज्या शाळेत ते पुढे जाईल, तेथील शिक्षकाला त्यामुळे पहिल्यापासून आरंभ करावा लागणार नाही.

आणि एक पथ्य सर्वांनी पाळावे. 'मंद', 'लक्ष नाही', 'काही येत नाही' असे शेरे परभाषी मुलाच्या बाबतीत पहिल्या वर्षी लिहूच नयेत. त्या ऐवजी 'मराठी शिकत आहे' एवढेच लिहावे. ते खरे असते आणि मुलाचे नुकसान करीत नाही. सहा-सात महिन्यांत कोणतेही मूल एखादी भाषा पुरी शिकणार नाही. परंतु ही शाळा आपली आहे आणि येथे आपले बोलणे ऐकून घेतले जाते, एवढे त्याला त्या अवधीत निश्चित कळू शकते. ज्या मुलाला हे कळले, ते पुढच्या गावी, पुढच्या शाळेत, न भिता तोंड उघडते. ती पहिली भीती घालविणे आपल्या हाती आहे, आणि ते काम या सत्रापासूनच हाती घेता येईल.